नारिंगी बटू तारे शांत असतात ना? मग एचडी १८९७३३ एवढा तापट का?

माळरान (शनिवार, रात्री ११:०५)

नारिंगी बटू ताऱ्यांचं हल्ली फार कौतुक वाचायला मिळतं. सूर्यापेक्षा जरा लहान, जरा थंड, इंधन पुरवून पुरवून वापरणारे. सूर्याचं आयुष्य १० अब्ज वर्षं धरलं, तर यांचं त्याच्या दीड-दोन पटीपासून पाच-सहा पटीपर्यंत. लाल बटूंसारखी उठसूट आदळआपट नाही, म्हणून ग्रहांवर जीवसृष्टी रुजायला हेच तारे सगळ्यात सोयीचे, असं ऐकतो.

आता हा एचडी १८९७३३ बघा. ६४.५ प्रकाशवर्षं लांब, वर्णपटाचा (प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्ट्याचा) प्रकार के, म्हणजे नारिंगी. पृष्ठभागाचं तापमान ५,००० केल्विनच्या आसपास (सूर्याचं ५,७७२). वस्तुमान सूर्याच्या ०.८ पट, व्यासही जवळपास तेवढाच, तेज सूर्याच्या एक तृतीयांश. कागदावर अगदी सालस. पण अंगावर डाग इतके, की तेजच एक-दोन टक्क्यांनी वरखाली होत राहतं. सप्टेंबर २०११ मध्ये क्ष-किरणांची जोरदार ज्वाला मारली आणि त्यानंतर काही तासांतच त्याच्या ग्रहाचं वातावरण सेकंदाला हजार टनांहून जास्त वेगाने उडून जाताना हबल दुर्बिणीने पाहिलं.

मग शांतपणाचं प्रमाणपत्र कोणी दिलं? हाच एक वाया गेलेला, की सगळ्या जातीबद्दलच आपला गैरसमज आहे?

शेंगाचटणी (शनिवार, रात्री ११:१८)

वाचतेय. पण आधी हे सांगा, सोलापुरातून दिसतो का? न दिसणाऱ्या ताऱ्यावर एवढं रक्त आटवायची माझी तयारी नाही.

निवृत्त_मास्तर (रविवार, सकाळी ६:४०)

दिसतो, पण नुसत्या डोळ्यांनी नाही. प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) ७.७ आहे, म्हणजे साधी बायनॉक्युलर लागेल. आपल्या गावाचं नशीब असं, की हा तारा जवळजवळ डोक्यावरून जातो. सोलापूरचे अक्षांश १७.७ उत्तर, ताऱ्याची क्रांती (आकाशातला अक्षांश) सुमारे २२.७ उत्तर, म्हणजे खस्वस्तिकापासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) जेमतेम ५ अंश उत्तरेला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी साडेसातच्या सुमारास तो सगळ्यात वर असतो.

शोधायचा असा: अभिजित, श्रवण आणि डेनेब हा मोठा त्रिकोण आधी पाहा. श्रवणच्या थोडं वर शर नावाचा इवलासा तारकासमूह आहे, खरोखर बाणासारखा. बाणाच्या टोकापासून ३ अंश उत्तरेला गेलं की बायनॉक्युलरमध्ये धुरकट ठिपका दिसतो. तो डंबेल तेजोमेघ. त्याच्या पूर्वेला, चंद्रबिंबाच्या रुंदीपेक्षाही कमी अंतरावर, आपला तारा. तारकासमूह जंबुक.

पाऊस ओसरल्यावरची हवा धुतलेली असते. आपण पर्जन्यछायेत, त्यामुळे कोकणवाल्यांपेक्षा आपल्याला मोकळ्या रात्री जास्त. पण शहरातल्या गच्चीवरून डंबेल हाती लागणं कठीण. नान्नजच्या माळावर जा.

कडक_भाकरी (रविवार, सकाळी ९:०२)

मास्तर, डोक्यावरचा तारा बायनॉक्युलरने बघायचा म्हणजे मानेचा भुगा. सोमवारी कामावर कोण जाणार?

निवृत्त_मास्तर (रविवार, सकाळी ९:१५)

आडवं पडून बघायचं असतं रे. चादरींच्या गावात राहून हेही मीच सांगायचं?

माळरान (रविवार, सकाळी ९:३१)

आमचं शेत नान्नजच्या अलीकडेच आहे, तिथून १० बाय ५० ने पाहिला. मास्तरांच्या खुणा बरोबर आहेत. पण नारिंगी बिरंगी काही नाही. आसपासच्या ताऱ्यांसारखाच राखाडी-पांढरा ठिपका. बाजूचा डंबेल जास्त मजेशीर वाटला, खरं सांगायचं तर.

अनुराधा_जु_सो (रविवार, दुपारी १२:२०)

रंग दिसणारच नाही. अंधूक उजेडात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग कळत नाही. शिवाय ५,००० केल्विन म्हणजे गडद नारिंगी नव्हेच, फिकट पिवळसर केशरी झाक. पुस्तकांतल्या चित्रांत संत्र्याच्या सालीसारखे रंगवतात, त्याने सगळ्यांची अपेक्षा बिघडलेली असते.

नारिंगी बघायचा असेल तर तिथून फार लांब जायला नको. हंसाच्या चोचीतला अल्बिरिओ लहान दुर्बिणीतून बघा, एक सोनेरी-केशरी आणि शेजारी निळसर. पण तो केशरी राक्षसी तारा आहे, बटू नव्हे. स्वाती आणि रोहिणीचंही तेच. दोन्ही वर्णपटाने के, दोन्ही नारिंगी, दोन्ही म्हातारपणी फुगलेले. रोहिणीचा व्यास सूर्याच्या चाळीस पटींहून जास्त. डोळ्यांना सहज दिसणारे बहुतेक नारिंगी तारे असे फुगलेले म्हातारे असतात, कारण बटूंचं तेज इतकं कमी, की अगदी शेजारी असल्याशिवाय नजरेत भरत नाहीत.

साध्या डोळ्यांना दिसणारा नारिंगी बटू हवा असेल तर एप्सिलॉन एरिडानी. साडेदहा प्रकाशवर्षांवर, प्रत ३.७. डिसेंबरअखेर रात्री नऊच्या सुमारास मृगातल्या राजन्यपासून पश्चिमेला हात लांब करून अडीच मुठी मोजा. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी परग्रहावरचे संदेश ऐकायला रेडिओ दुर्बीण ज्या दोन ताऱ्यांवर रोखली, त्यातला हा एक.

आणि माळरान, तुमच्या प्रश्नासाठी हाही कामाचा आहे. तोही नारिंगी बटू, तोही तापट. वय जेमतेम ४० ते ८० कोटी वर्षं.

टिकेकरवाडी_लोकल (रविवार, दुपारी १:०५)

ते सगळं ठीक आहे ओ ताई, पण नाव कसलं ठेवलंय बे? एचडी १८९७३३. डायल केला तर गॅस एजन्सी उचलेल.

निवृत्त_मास्तर (रविवार, दुपारी ४:१०)

दुपारची झोप झाली, आता सांगतो. एचडी म्हणजे हेन्री ड्रेपर. पेशाने डॉक्टर, नाद ताऱ्यांच्या वर्णपटांचे फोटो घेण्याचा. तो अकाली गेला, तेव्हा त्याच्या पत्नीने हार्वर्ड वेधशाळेला पैसे दिले आणि त्यातून ही यादी झाली. ॲनी जंप कॅनन या बाईंनी सव्वादोन लाख ताऱ्यांचे वर्णपट काचेच्या तबकड्यांवर तपासून प्रत्येकाला अक्षर दिलं: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. यादी १९१८ ते १९२४ या काळात छापली. म्हणजे हा तारा ग्रह सापडण्याच्या ऐंशीएक वर्षं आधीच यादीत बसला होता. ग्रह सापडला २००५ मध्ये, फ्रान्सच्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून.

टिकेकरवाडी_लोकल (रविवार, दुपारी ४:४४)

मास्तर, दंडवत. आता त्या ग्रहाबद्दल मी वाचलेलं टाकतो. गुरूपेक्षा थोडा मोठा. ताऱ्यापासून फक्त ४६ लाख किलोमीटरवर, आपला बुध सूर्यापासून ५.८ कोटींवर असतो. वर्ष २.२ दिवसांचं. तापमान हजार अंशांच्या आसपास, वारा ताशी हजारो किलोमीटर. बाहेरून निळाशार दिसतो आणि तिथे काचेचा पाऊस आडवा पडतो म्हणे. वर २०२४ मध्ये वेब दुर्बिणीला तिथे हायड्रोजन सल्फाइड सापडला, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास.

मे महिन्यात ४४ अंशांत सात रस्त्यावर सिग्नलला उभा असतो तेव्हा आता मी देवाचे आभार मानणार.

शेंगाचटणी (रविवार, संध्याकाळी ५:०१)

सव्वादोन दिवसाला दिवाळी? फराळ कोण करणार? मी नाही.

कडक_भाकरी (रविवार, संध्याकाळी ५:०६)

बोनस पण सव्वादोन दिवसाला. मी करतो फराळ.

शंकासुर (रविवार, रात्री ८:५०)

काचेच्या पावसावर थोडं पाणी ओततो. २०१३ मध्ये हबलने मोजला तो रंग. ग्रह ताऱ्याच्या मागे गेला की एकूण उजेडातला निळा भाग किंचित घटतो, इतर रंगांत तेवढी घट नाही, यावरून ग्रह निळा. निळेपणाचं कारण उंचावरच्या ढगांत सिलिकेटचे (काचेच्या जातीचे) बारीक कण असावेत, हा त्यावरचा तर्क. त्या कणांचा पाऊस आणि तो आडवा, हा तर्कावरचा मजला. आकडे खरे, मोजमाप खरं. पाऊस मात्र कोणी पाहिलेला नाही. अंड्यांचा वास मात्र वर्णपटात सापडलाय, तो मान्य.

आणि माळरान यांचा मूळ प्रश्न ताऱ्याचा होता. सगळे ग्रहाच्या मागे लागलेत.

अनुराधा_जु_सो (रविवार, रात्री १०:१५)

शंकासुर म्हणतात ते खरं, ताऱ्याकडे वळू.

तारा तापट आहे की नाही हे बऱ्याच अंशी तो स्वतःभोवती किती जोरात फिरतो यावर ठरतं. फिरणं जोरात, तर आतल्या ढवळण्यातून चुंबकीय क्षेत्र जोरदार, म्हणून डाग जास्त, ज्वाला जास्त, क्ष-किरण जास्त. जन्मतः सगळेच तारे भराभर फिरतात. मग त्यांच्यातून सतत वाहणारा कणांचा वारा चुंबकीय क्षेत्रात अडकून फिरण्याचा जोर हळूहळू काढून घेतो आणि वयानुसार तारा निवळत जातो. आपला सूर्य विषुववृत्तापाशी साधारण २५ दिवसांत एक फेरी घेतो. एचडी १८९७३३ घेतो १२ दिवसांत. या हिशोबाने त्याचं वय काही दशकोटी ते फार तर एक अब्ज वर्षं निघतं. म्हणजे तरणाताठा. तरण्याने दंगा केला तर नवल काय?

पण खरी मेख पुढे आहे. या ताऱ्याला एक जोडीदार आहे, लाल बटू. पृथ्वी-सूर्य अंतराच्या दोनशेहून जास्त पट लांब, २००६ मध्ये ओळखला गेला. दोघे एकाच ढगातून जन्मले असणार, म्हणजे वय एकच. लाल बटू तरुणपणी क्ष-किरणांत झगमगतात. हा मात्र इतका मंद, की त्यावरून वय काही अब्ज वर्षं निघतं. थोरल्याने केसांना डाय लावला तरी धाकट्याच्या टकलावरून खरं वय कळतं, तसला प्रकार.

मग थोरला एवढा भिरभिरतोय कसा? २०१४ मध्ये पोपेनहेगर आणि वोल्क यांनी मांडलेलं कारण असं: ग्रह २.२ दिवसांत फेरी मारतो, तारा १२ दिवसांत. ग्रहाच्या ओढीने ताऱ्यावर भरतीचा फुगवटा येतो आणि ग्रह ताऱ्याच्या फिरण्यापेक्षा वेगात पुढे पळत असल्यामुळे तो फुगवटा पुढे ओढला जातो. ताऱ्याची गिरकी वाढते, त्या मोबदल्यात ग्रह हळूहळू आत सरकतो. थोडक्यात, तारा म्हातारा झालाय, पण घरातल्या पोराने त्याला निवांत बसू दिलेलं नाही.

तर माझं उत्तर: जातीचा दोष नाही, संगतीचा आहे.

टिकेकरवाडी_लोकल (रविवार, रात्री १०:२२)

+१. आमच्या घरी पण सेम.

शंकासुर (सोमवार, सकाळी ७:३०)

अनुराधाताई, मांडणी झकास, पण निकाल घाईचा वाटतो. दोन हरकती.

एक: हा तारा आपल्याला इतका तपशीलवार माहीत आहे तो ग्रहामुळे. ग्रह नसता तर जंबुकातल्या असंख्य ताऱ्यांत कोणी ढुंकून पाहिलं नसतं. ज्याच्यावर कॅमेरा कायम रोखलेला, त्याचाच तमाशा दिसणार. तुम्ही सांगितलेल्या एप्सिलॉन एरिडानीला असा चिकटून फिरणारा ग्रह नाही, तरी तो ११-१२ दिवसांत फिरतो आणि तापट आहेच.

दोन: के ताऱ्यांची गिरकी सरळ रेषेत मंदावत नाही. तारकागुच्छांत एकाच वयाचे पुष्कळ तारे मिळतात, म्हणून तिथे हे तपासता येतं. कर्केतला प्रेसेपी सुमारे ६७ कोटी वर्षांचा, एनजीसी ६८११ सुमारे एक अब्जाचा. सूर्यासारखे तारे दुसऱ्यात अपेक्षेप्रमाणे मंदावलेले आढळले. नारिंगी बटू मात्र दोन्हीकडे जवळजवळ त्याच वेगात. मधली तीसेक कोटी वर्षं त्यांची गिरकी थबकलेली. २०१९ मधलं संशोधन आहे हे. म्हणजे या जातीचं तारुण्य लांबतं. आयुष्य लांब, तसं दांडगाईचं वयही लांब. ग्रहांवरचं वातावरण टिकायचं की नाही हे त्या पहिल्या अब्ज वर्षांतच ठरत असेल, तर 'सगळ्यात सोयीचे तारे' हे म्हणणं जरा जपून करावं.

जोडीदाराचा पुरावा मी नाकारत नाही, तो वजनदार आहे. पण त्यावरून फार तर एवढंच म्हणता येईल, की या एका ताऱ्याला ग्रहाने उचकवलं असावं. सगळ्या जातीला क्लीन चिट त्यातून मिळत नाही.

अनुराधा_जु_सो (सोमवार, सकाळी ९:५०)

गिरकी थबकण्याचा मुद्दा मान्य. तरी थबकते, उलटी वाढत नाही. काही अब्ज वर्षांच्या ताऱ्याला १२ दिवसांवर यायला बाहेरून धक्का लागतोच. आणि तुलना कोणाशी करतो तेही बघा. लाल बटूचं तेज इतकं कमी, की पाणी द्रवरूपात राहील असा ग्रह त्याला बिलगून हवा, म्हणजे प्रत्येक ज्वाला थेट तोंडावर. एचडी १८९७३३ चा तसा पट्टा साधारण साडेआठ कोटी किलोमीटरवर पडतो, बुध आणि शुक्र यांच्या मधे. एवढ्या लांब बसलेल्या ग्रहाला त्याच ज्वालेचा मार आपल्या त्या गरम गुरूच्या मानाने तीनशे-साडेतीनशे पट कमी. तारा तापट, हे कबूल. घर कुठे बांधलंय हेही विचारा.

माळरान (सोमवार, दुपारी १:४०)

आता चर्चेला रंग आला. मला पटलेलं लिहितो: के हे अक्षर ताऱ्याचं तापमान सांगतं, त्यावरून वस्तुमानाचा आणि आयुष्याचा अंदाज येतो. स्वभाव त्या अक्षरात नाही. त्यासाठी वय, गिरकी आणि शेजार बघावा लागतो. ताईंचं जोडीदाराचं गणित मला जास्त पटतं, शंकासुरांची दुसरी हरकत मात्र मनातून जात नाही.

सिंहगडरोड_सोलापूरकर (सोमवार, दुपारी ३:१५)

अवांतर: पोटासाठी पुण्यात असलो तरी धागा आपलाच. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही (जीएमआरटी, ४५ मीटरच्या ३० ताटल्या) हा तारा ऐकून पाहिला आहे. आपल्या गुरूसारखा या ग्रहालाही चुंबकीय क्षेत्र असेल तर त्यातून रेडिओ लहरी याव्यात, या आशेने. काही सापडलं नाही. पण 'अमुक पातळीच्या वर काही नाही' हेही मोजमाप असतं, आणि ते आपल्या जुन्नर तालुक्यातून झालं याचा मला उगाचच अभिमान आहे.

कडक_भाकरी (सोमवार, दुपारी ३:२०)

पुण्याला गेला की अभिमान आपोआप येतो का बे?

सिंहगडरोड_सोलापूरकर (सोमवार, दुपारी ३:२४)

पहिल्या महिन्यात येतो. भाडं भरलं की जातो.

माळरान (सोमवार, रात्री ९:१०)

व्यवहाराचं विचारतो. हा ग्रह ताऱ्यासमोरून जाताना तारा २.४ टक्के मंद होतो असं वाचलं. एका मित्राकडे ८ इंची डॉबसोनियन दुर्बीण आहे आणि माझ्याकडे कॅमेरा. आपल्याला टिपता येईल?

निवृत्त_मास्तर (मंगळवार, सकाळी ६:३५)

२.४ टक्के म्हणजे या कामात घसघशीत. पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासमोरून गेला तर टक्क्याचा शंभरावा भाग जेमतेम भरतो. जगभरचे हौशी लोक हा ग्रह लहान दुर्बिणींनी टिपतात. वर्गमूळ काढा: ०.०२४ चं ०.१५५. म्हणजे ग्रहाचा व्यास ताऱ्याच्या साधारण साडेपंधरा टक्के. घरच्या मोजमापातून परग्रहाचा आकार काढणं यापेक्षा सोपं नसतं.

पण डॉबसोनियन इथे दगा देईल. ती दोन अक्षांवर फिरते, उभ्या आणि आडव्या. तारा डोक्यावर आला की आडव्या अक्षावर तिला फार भरभर वळावं लागतं आणि नेमक्या मोक्याला तारा हातचा जातो. आपल्या गावाचा जो फायदा मी वर सांगितला, तोच तिचा तोटा. विषुववृत्तीय बैठकीवर (पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर फिरणाऱ्या), मोटर लावलेली साधी ४-५ इंची असेल तरी चालेल. ताऱ्याची प्रतिमा मुद्दाम थोडी पसरट ठेवा, म्हणजे एकाच पिक्सेलवर उजेड साचून तो भरून जाणार नाही. अधिक्रमण, म्हणजे ग्रहाचं ताऱ्यासमोरून जाणं, पावणेदोन तासांच्या आसपास चालतं. आधी एक तास आणि नंतर एक तास फोटो हवेतच, नाहीतर घट कशावरून मोजणार?

शेंगाचटणी (मंगळवार, सकाळी ८:१२)

आणि त्या रात्री नेमके ढग आले तर? आपलं नशीब मला माहीत आहे. जूनमध्ये हवे तेव्हा येत नाहीत, ऑक्टोबरात बरोबर येतात.

अनुराधा_जु_सो (मंगळवार, सकाळी ९:४०)

तर २० दिवस थांबायचं. ग्रहाचा फेरा २.२१८६ दिवसांचा. नऊ फेरे म्हणजे १९.९७ दिवस. त्यामुळे हुकलेलं अधिक्रमण वीस दिवसांनी साधारण पाऊण तास आधी पुन्हा मिळतं. तेवढ्या दिवसांत तारा ८० मिनिटं लवकर मावळायला लागलेला असतो, म्हणजे तो थोडा पश्चिमेकडे कलेल, पण डॉबसोनियनवाल्यांना ते बरंच. डिसेंबर उजाडला की मात्र संध्याकाळीच खाली उतरलेला असेल, मग पुढच्या वर्षावर गेलं.

शंकासुर (मंगळवार, सकाळी १०:०५)

आणि तुलनेसाठी चौकटीतला जो तारा निवडाल तो शक्यतो याच्याच रंगाचा घ्या. निळसर घेतलात तर तारे कलतील तसा हवेतून त्याचा उजेड वेगळ्या दराने घटेल आणि तुम्हाला ग्रह नसताना ग्रह दिसेल. एक नको, तीन-चार घ्या, म्हणजे त्यातला एखादा स्वतःच चंचल निघाला तर कळेल. आपला हा तारा डागांमुळे मुळातच वरखाली होतो, पण ती लय १२ दिवसांची. चार तासांच्या फोटोंत ती जवळजवळ सरळ तिरकी रेघ दिसेल, ती वजा करता येते.

माळरान (मंगळवार, दुपारी १२:३०)

मोटरची बैठक कोणाकडे आहे? शुक्रवारपर्यंत व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वीज शेतात रात्री दहानंतर असते, त्यामुळे बॅटरीही लागेल.